अंगातला सरस

सुताराच्या दुकानात पूर्वी एक डबा कायम मंद आचेवर असायचा. मोठ्या डब्यात पाणी, पाण्यात छोटा डबा, आणि छोट्यात काकवीसारखा घट्ट, तपकिरी सरस. तो वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. आमच्या गल्लीतले सुतारकाका सरसाच्या पिवळट लाद्या फोडून रात्री भिजत घालायचे. सकाळी ते तुकडे फुगून लिबलिबीत झालेले असत. मग आच, मग ब्रश, मग सांध्याभोवती सुतळीचे घट्ट वेढे. "आता लाकूड तुटेल, सांधा नाही सुटायचा," असं ते अगदी खात्रीने सांगत.

हा सरस येतो जनावरांच्या कातडीतून आणि हाडांतून. ग्रीक लोक त्याला 'कोल्ला' म्हणत. त्या शब्दावरूनच 'कोलेजन' झालं, म्हणजे ज्यापासून सरस होतो ते. आज सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत चमकणारा हा शब्द मुळात सुताराच्या डब्यातला आहे!

आणि आपण सगळे या सरसावरच उभे आहोत. शरीरातल्या एकूण प्रथिनांचा जवळपास तिसरा हिस्सा एकट्या कोलेजनचा. कातडी, हाडं, दात, कूर्चा, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा, हाड हाडाला बांधणारे अस्थिबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे तोच. माणसात त्याचे २८ प्रकार सापडलेत. त्यातला पहिला प्रकार एवढा मुबलक, की बाकीचे २७ मिळून दहा टक्केही भरत नाहीत.

तीन पेड, उलटा पीळ

काथ्याचा दोर वळताना पाहिलाय? प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ देतात आणि मग ते पेड एकमेकांभोवती उलट्या दिशेने वळतात. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर उसवत नाही. कोलेजनचा रेणू नेमका असाच वळलेला आहे. प्रत्येकी सुमारे १,००० अमिनो आम्लांचे तीन पेड. प्रत्येक पेड डावीकडे पिळलेला आणि तिघांचा मिळून दोर उजवीकडे.

ही गोष्ट शोधून काढली मद्रासमध्ये बसलेल्या एका तरुण भारतीयाने, हे आपल्याला शाळेत का सांगत नाहीत कोण जाणे. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन, जन्म १९२२, एर्नाकुलमचा. सी. व्ही. रामन यांचा विद्यार्थी. १९५२मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर तो मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. त्याच सुमाराला जे. डी. बर्नाल हे ब्रिटिश शास्त्रज्ञ तिथे आले आणि बोलता बोलता म्हणाले, की कोलेजनची रचना अजून कुणालाच नीट उलगडलेली नाही. लायनस पॉलिंगसारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञाने १९५१मध्ये मांडलेली रचनासुद्धा चुकीची निघाली होती.

आता नमुना कुठून आणायचा? मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातड्याचा अभ्यास म्हणजे कोलेजनचाच अभ्यास. तिथून मिळाली चक्क कांगारूच्या शेपटीतली कंडरा! तिच्यावर क्ष-किरण टाकून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी १९५४मध्ये 'नेचर'मध्ये तीन पेडांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी त्यात पेडांचा एकमेकांभोवतीचा पीळ घातला.

किल्ली कुठली होती? ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल. कोलेजनमध्ये दर तिसऱ्या जागी तेच येतं, कारण तीन पेड जवळ आले की मधोमध उरणारी जागा एवढी चिंचोळी असते, की तिथे सगळ्यात छोटं अमिनो आम्लच मावतं. तिथे चुकून दुसरं एखादं थोराड अमिनो आम्ल बसलं तर दोराला गाठ पडते. काही मुलं जन्मतःच अतिशय ठिसूळ हाडं घेऊन येतात, साध्या धक्क्याने त्यांची हाडं मोडतात. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत कारण एवढंच असतं: हजारात एक ग्लायसीन जागेवर नाही.

रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

कोलेजन बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. रविवारी पाया केला असेल तर वाटीभर सूप फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वाटी हलवली की ते खरवसासारखं थरथरतं. चमचा घातला तर कापलं जातं, आणि तळहाताच्या उबेने पुन्हा पातळ होतं. तीन पेडांचा दोर आचेने उसवला की होतं जिलेटिन. गार झाल्यावर ते सुटे पेड पुन्हा एकमेकांना धरू बघतात, पण पूर्वीसारखी घडी बसत नाही. कुठे तरी अर्धवट गुंततात, मध्ये पाणी अडकून पडतं आणि तयार होते जेली.

जेलीवरून आठवलं. पाकिटातल्या जिलेटिनच्या जेलीत ताज्या अननसाच्या फोडी टाकल्या तर ती जन्मात घट्ट होत नाही, कारण अननसातलं एन्झाइम जिलेटिनचे तुकडे पाडतं. डब्यातला अननस मात्र खुशाल टाका. त्याला आधीच आच लागलेली असते आणि एन्झाइम मेलेलं असतं. मटणाला कच्ची पपई चोळणाऱ्या आपल्या बायकांनी हे रसायनशास्त्र कधीच वापरात आणलंय.

जून बोकडाचं मटण शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी का शिजत नाही? वय वाढतं तसे कोलेजनच्या तंतूंमध्ये आडवे टाके पडत जातात आणि दोर अधिकाधिक चिवट होतो. कोवळ्या मटणात टाके कमी. माशाचा प्रकारच वेगळा. तो थंड पाण्यात राहतो, त्याचं कोलेजन थोड्याशा आचेनेही सुटतं. म्हणून बांगडा तव्यावर काही मिनिटांत होतो आणि जरा दुर्लक्ष झालं की त्याचा चुरा.

मुलांसोबत करायचा माझा आवडता प्रयोग हा: कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ धुवायचं, बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवायचं आणि अधूनमधून व्हिनेगर बदलत आठवडाभर वाट पाहायची. व्हिनेगर हाडातला चुना ओढून घेतं. मागे राहतं कोलेजन, आणि हाड रबरासारखं वाकतं! उलट तेच हाड आगीत भाजलं, तर कोलेजन जळून चुना उरतो आणि हाड खडूसारखं भुगा होतं. कडकपणा चुन्याचा, चिवटपणा कोलेजनचा. दोन्ही हवेत, तर माणूस चालतो.

घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी जवळजवळ निव्वळ कोलेजनची असते आणि परदेशात तिला सोन्यासारखा भाव आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेहून जास्त घोळ सापडले. लिलावात आले सव्वा कोटीहून अधिक रुपये.

पन्नास वर्षांची जखम उघडली

आता एक खरी आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट. १७४०मध्ये जॉर्ज अॅन्सन हा ब्रिटिश आरमारी अधिकारी जगप्रदक्षिणेला निघाला. महिनोन्महिने समुद्रावर, ताजं फळ नाही, भाजी नाही. माणसांना स्कर्व्हीने गाठलं. त्यात एक म्हातारा सैनिक होता. १६९०मध्ये आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत त्याला जखम झाली होती, ती केव्हाच भरून आली होती. पन्नास वर्षांनी, भर समुद्रात, ती जखम पुन्हा उघडली. एवढंच नव्हे, जुनं सांधलेलं हाडही सुटलं.

असं का व्हावं? कारण भरलेली जखम म्हणजे एकदा लावून संपलेला टाका नसतो. व्रणातलं कोलेजन झिजत असतं आणि शरीर ते सतत नव्याने विणत असतं. विणकाम थांबलं की शिवण उसवते. आणि या विणकामाला क जीवनसत्त्व लागतं. कोलेजनमधल्या प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक छोटी खुंटी जोडावी लागते. ते काम करणाऱ्या एन्झाइमला क जीवनसत्त्वाचा हात हवा असतो. खुंटी नसेल तर तीन पेडांचा दोर साधारण २४ अंशांनाच उसवतो. आपलं अंग तर ३७ अंशांचं. म्हणजे विणलेलं कोलेजन अंगातल्या उबेनेच सुटतं!

हिरड्या आधी सुजतात, दात आधी हलतात, त्यालाही कारण आहे. दात जबड्यात धरून ठेवणाऱ्या तंतूंमधलं कोलेजन फार भराभर बदलत असतं. जिथे उलाढाल जास्त, तिथे टंचाई आधी जाणवणार.

१७४७च्या मे महिन्यात जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी दिलं. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्या दोघांपैकी एकजण कामावर परतण्याइतका बरा झाला होता. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सगळ्यांना सक्तीचा करायला १७९५ उजाडलं. मधल्या ४८ वर्षांत किती खलाशी हकनाक गेले असतील!

शेळीला ही चिंता नाही, ती क जीवनसत्त्व स्वतः बनवते. आपल्याला मात्र ते ताटातून घ्यावं लागतं. १०० ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे प्रौढ माणसाची दिवसाची गरज एका पेरूत भागून वर उरतं. आवळा तर पेरूच्याही पुढे. उष्णतेने हे जीवनसत्त्व नासतं, म्हणून पोह्यांवर आणि वरणभातावर लिंबू वरून, ताटातच पिळायचं ही आपली पद्धत फार शहाणपणाची आहे.

हलगी शेकताना

जत्रेत हलगीवाले वाजवायच्या आधी काय करतात बघा. कागद, काटक्या, पाचट असं काहीतरी पेटवतात, हलगीचं तोंड जाळावर धरून फिरवत राहतात आणि मधूनच टिपरीने ठोकून आवाज घेतात. आधी 'बद्द' येतो. पुन्हा शेक. मग एकदम असा खणखणीत 'कडाड' उठतो, की अंगातला आळस पळतो.

हे कोलेजनचंच वाद्य. बकऱ्याच्या कातड्यातले तंतू हवेतला ओलावा पितात, पाणी तंतूंच्या मध्ये जाऊन बसतं आणि कातडं सैल पडतं. शेकलं की पाणी उडतं, तंतू आवळतात आणि सूर चढतो. पावसाळ्यात तबला सारखा का उतरतो, हे तबलजींना विचारायची गरज नाही.

कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर फळीसारखं कडक होतं. ते टिकाऊ करायला कमवावं लागतं. मराठीत शरीर कमावतात, आवाज कमावतात, तसं कातडंही कमावतात. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावण्याची परंपरा आहे. त्यातली टॅनिन कोलेजनच्या तंतूंना घट्ट चिकटतात आणि त्यांना एकमेकांशी जखडून टाकतात. हिरडा चावला की तोंड कसं आवळतं! तेच टॅनिन तिथे लाळेतल्या प्रथिनांना धरतं. जिभेला जो तुरटपणा वाटतो, त्यातूनच पायातली चप्पल टिकते.

मोहरी खाल्लेली गाय आणि सिनेमा

१८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने फोटोच्या काचेवर चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये कालवून लावले, आणि फोटोग्राफरची ओली काच सांभाळण्यातून सुटका झाली. त्याच जिलेटिनवर पुढे सिनेमाची फिल्म उभी राहिली. पण काही फिल्म भराभर प्रकाश पकडायच्या, काही अगदी मंद. १९२५मध्ये कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी कारण शोधलं. जिलेटिनमध्ये गंधकाचे अत्यल्प अंश असले की फिल्म तेज होते. ते अंश कुठून आले? गाईंनी खाल्लेल्या मोहरीवर्गातल्या वनस्पतींमधून!

१९१३मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. सरस्वतीबाई फाळके घरी जी फिल्म धूत होत्या, तिच्यावरचा चित्राचा थर याच जिलेटिनचा.

नमस्कार जुळतो का?

दोन्ही हात जोडून नमस्कार करा, तळवे घट्ट दाबा. बोटं मुळापासून टोकापर्यंत चिकटली? मधुमेह जुना झालेल्या काहींची बोटं चिकटत नाहीत, तळव्यांमध्ये फट राहते. डॉक्टर या खुणेला प्रार्थनेच्या मुद्रेचंच नाव देतात.

झालेलं असतं असं: कोलेजन वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे रक्तातली जास्तीची साखर त्याला हळूहळू चिकटत जाते आणि तंतूंमध्ये नको तिथे पूल बांधते. भाकरीवर तव्यात जे तपकिरी डाग पडतात, त्यामागची रासायनिक क्रिया याच जातीची आहे. तिथे मिनिटं लागतात, इथे वर्षं. कातडी जाड होते, सांधे आखडतात. खांदा आखडण्याचा त्रास मधुमेहींना जास्त होतो, तोही याच गोतावळ्यातला. फट दिसण्याला दुसरी कारणंही असू शकतात, पण दिसली तर डॉक्टरांना जरूर दाखवा. साखर आटोक्यात ठेवण्याचं याहून सोपं, हातात दिसणारं कारण मला तरी माहीत नाही.

पारदर्शक चमत्कार

कंडरेतलं कोलेजन पांढरं, अपारदर्शक. डोळ्याचं बुबुळ झाकणारं पारपटलही प्रामुख्याने त्याच पहिल्या प्रकारच्या कोलेजनचं, तरी काचेसारखं स्वच्छ! फरक मांडणीचा. पारपटलात तंतू सारख्याच जाडीचे असतात आणि सारख्याच अंतरावर रचलेले असतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही, सरळ पार जातो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा मृत्यूनंतर दुसऱ्याला देता येतो. नेत्रदान म्हणजे मुख्यतः या नेटक्या कोलेजनचं दान.

ऊन एका बाजूचं

२०१२मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी चालवली, डावी बाजू कायम खिडकीकडे. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा, खोल सुरकुत्यांचा. खिडकीच्या काचेतूनही आत येणारे अतिनील किरण त्वचेतल्या कोलेजनला कातरणारी एन्झाइम जागी करतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा उजवा गाल जपायचा. पुण्यात दुचाकीवर चेहराभर स्कार्फ गुंडाळून निघणाऱ्या मुली आपलं कोलेजन बरोबर सांभाळतायत.

डब्यातली पूड

आता तो प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो: कोलेजनची पावडर घ्यावी का?

क्रीमचं आधी बोलू. त्वचेतून साधारण ५०० डाल्टन वजनापर्यंतचे रेणू आत जाऊ शकतात. कोलेजनच्या पूर्ण रेणूचं वजन ३ लाख डाल्टन. दाराच्या फटीतून हत्ती जायचा नाही. क्रीमने कातडी ओलसर राहते, तेवढा फायदा घ्या.

पावडर पोटात गेली की पचते. तिची सुटी अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात. ते गालावर जायचे की गुडघ्यावर, हे पावडर ठरवत नाही. त्वचेचा ओलावा वाढल्याचे, सांधेदुखी थोडी कमी झाल्याचे निष्कर्ष काही चाचण्यांत आलेत. पण त्यातल्या पुष्कळ चाचण्या विकणाऱ्यांच्याच पैशातून झाल्या. २०२५च्या एका एकत्रित आढाव्यात असा पैसा न घेतलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा त्वचेवरचा फायदा दिसेनासा झाला. महिन्याला हजारो रुपये मोजण्याआधी एवढं माहीत असावं.

फ्रान्समध्ये हा वाद दोनशे वर्षांपूर्वीच रंगला होता. हाडांतलं जिलेटिन काढून गरिबांना आणि रुग्णांना स्वस्त पौष्टिक सूप पाजायची मोठी हौस तिथे आली होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या समितीने वर्षानुवर्षं प्रयोग करून १८४१मध्ये सांगितलं, की नुसत्या जिलेटिनवर कुत्रीसुद्धा जगत नाहीत. पुढे कारण कळलं. शरीराला अत्यावश्यक असलेलं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल कोलेजनमध्ये मुळी नसतंच. प्रथिन म्हणून साधा वरणभात त्याच्याहून पूर्ण आहे.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. वनस्पतीत कोलेजन नसतं हे खरं, पण कोलेजन आपल्याला अंगातच विणायचं असतं. डाळी, दूध, दाणे यांतून सूत मिळतं, आवळा-पेरू-लिंबातून हात मिळतो. राहिलं काय, तर व्यायाम. चालणं, जिने चढणं, वजन उचलणं यांनी कंडरांवर ताण आला की तिथल्या पेशी नवं कोलेजन विणायला घेतात. तंबाखूने आणि धुराने ते विणकाम मंदावतं.

आणि पाया? मोडलेल्या हाडावर थेट जाऊन चिकटणार नाही, पण आजारी माणसाच्या घशाखाली गरम गरम उतरतो. मी तरी नाही म्हणणार नाही.

टाचेमागचा बालपणीचा घास

शेवटची गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. १९५० आणि ६०च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्या उघड्यावर झाल्या आणि हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत. १९६३च्या करारानंतर अशा चाचण्या बऱ्याच थांबल्या आणि त्या कार्बनचं प्रमाण दरवर्षी उतरत गेलं. म्हणजे शरीरातल्या एखाद्या ऊतीतला हा कार्बन मोजला, तर ती कोणत्या साली घडली ते सांगता येतं.

डॅनिश शास्त्रज्ञांनी २०१३मध्ये हीच मोजणी टाचेमागच्या जाड कंडरेवर केली. स्नायूंमध्ये अलीकडचा कार्बन सापडला, ते सतत नवे होत असतात. पण कंडरेच्या गाभ्यात सापडला जुना कार्बन, वयाच्या पहिल्या सतराएक वर्षांतला. त्यानंतर तो गाभा जवळजवळ बदलतच नाही.

सकाळी बागेत काठी टेकत फेऱ्या मारणारे सत्तरीचे आजोबा दिसतात ना? त्यांची कातडी बदललीय, रक्त तर कितीदा बदललंय. टाचेमागे मात्र अजून शाळेत असताना आईच्या हातची खाल्लेली भाकरी आहे, आणि प्रत्येक पाऊल ते तिच्यावरच टाकतायत.